पिंगुळीच्या बाहुल्या बघितल्या आणि अर्धवटराव आठवला

कुडाळजवळ पिंगुळीच्या गुढीपुरात ठाकर आदिवासी कला आंगण नावाचं छोटं म्युझियम आहे. मालवण-वेंगुर्ल्याला येणारे बरेच जण हायवेवरून तसेच भुर्रकन पुढे जातात आणि घरी गेल्यावर म्हणतात, कोकणात समुद्र आणि मासे सोडून बघायचं काय. तर हे बघायचं. पोरं बरोबर असतील तर जाच, आणि ज्यांनी लहानपणी दूरदर्शनवर अर्धवटराव बघितलाय त्यांनी पोरं नसली तरी जा.

अर्धवटराव कोण ते आताच्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. यशवंत पाध्यांचा बोलका बाहुला, म्हणजे आवाज माणसाचाच पण ओठ न हलवता काढलेला, पुढे त्यांच्या मुलाने म्हणजे रामदास पाध्यांनी तो टीव्हीवर आणून घराघरात पोचवला. डोळे गरगर फिरवणारा, मान वळवून बघणारा, मालकालाच उलटं बोलणारा, वर त्याची बायको आवडाबाई. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं पण आमच्या वाडीत टीव्ही यायला पुढे बरीच वर्षं गेली आणि आला तोही एकाच घरात, शटरवाला, ब्लॅक अँड व्हाइट. अँटेना उंच बांबूवर, जरा वारा सुटला की पडद्यावर नुसत्या मुंग्या, मग कोणीतरी अंगणात जाऊन बांबू फिरवायचा आणि आतून सगळ्यांनी बोंबलायचं, "इला इला, थंयच ऱ्हव!" आणि त्याने हात सोडला की परत मुंग्या. एकदा तर एक काका पूर्ण कार्यक्रम बांबू धरून उभे होते, त्यांनी बिचाऱ्यांनी फक्त आमचं हसणं ऐकलं.

आम्हा पोरांचा उद्योग एकच. बाहुल्याकडे बघायचं नाही, पाध्यांच्या ओठांकडे बघायचं. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय येतच नाहीत, आरशासमोर ओठ न हलवता 'बाबा' म्हणून बघा, 'दादा' होतं. तर बाहुला म किंवा ब म्हणाला की पकडायचं असं ठरवून बसायचो आणि नेमकं तेव्हाच तो असं काही बोलायचा की हसण्याच्या नादात ओठ बघायचे राहायचे. पापडाच्या जाहिरातीतला ससा आणि तात्या विंचू हे दोघेही पाध्यांच्याच हातचे हे मला खूप नंतर कळलं. सशावर जीव आणि विंचूच्या भीतीने रात्री परसात जायची बंदी, आणि दोघांचा बाप एकच!

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की टीव्हीवरच्या बाहुल्यात सगळी गंमत लपवण्यात होती, पिंगुळीत कोणी काहीच लपवत नाही. सूत्रधार समोर बसून बोलतो, वाद्य वाजतं, कळसूत्री बाहुल्या दोऱ्यांवर नाचतात आणि दोरे चक्क दिसतात. मला वाटलं होतं माझी लेक पाच मिनिटांत मोबाईल मागणार, कारण तिला सगळं अॅनिमेशन बघायची सवय. तिने मागितला नाही. आधी ती दोरे कुठे जातात ते वर बघत होती, मग बोटांकडे, आणि मग कधीतरी दोरे दिसायचेच बंद झाले असावेत कारण राक्षस आल्यावर ती माझ्या मांडीवर सरकली. बाजूला आमची आत्ये बसलेली, ती मला हळूच म्हणते, "दोरे दिसतत तरी माका भिया वाटता गे."

आणि हे मी तुलना करून बोलतेय. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये (नाव नाही घेत) रात्री जेवणाबरोबर पपेट शो होता, तिथे कानठळ्या बसतील एवढ्या आवाजात सिनेमाची गाणी आणि त्यावर बाहुल्या नुसत्या गदागदा हलवत होते, गोष्ट म्हणून काही नाहीच. लोक पापलेट खात होते, कोण बघणार. बाहुलीला गोष्ट लागते हो, नाहीतर ती शोकेसमध्येच बरी.

पिंगुळीत गोष्टींना तोटा नाही. चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची हाताने काढलेली चित्रं, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, एका आख्यानाची चित्रं एका पोथीत. एकेक चित्र समोर धरून गोष्ट सांगत, गात पुढे जायचं. सावंतवाडीच्या राजांच्या आश्रयाने ही कला इथे रुजली. मला सगळ्यात आवडल्या त्या चामड्याच्या बाहुल्या. कातडं पातळ करून त्यावर बारीक भोकं पाडलेली असतात, हातात घेऊन बघितलं तर काळपट, जुनाट, काही विशेष वाटत नाही. पण पडद्यामागे धरून पाठून उजेड दिला की तीच भोकं दागिने होतात, मुकुट चमकतो, नाक-डोळे उठून येतात. पूर्वी हे दिव्याच्या उजेडात चालायचं, ज्योत हलली की सावलीपण हलणार, म्हणजे अर्धा अभिनय दिवाच करत असणार! आमच्या त्या मुंग्यांमधल्या अर्धवटरावापेक्षा पिक्चर नक्कीच क्लिअर.

हे म्युझियम परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात सुरू केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे मोठी बिल्डिंग, एसी, तिकीट खिडकी असल्या अपेक्षेने जाऊ नका. कोणाच्या तरी घरी गेल्यासारखंच आहे आणि घरचीच माणसं माहिती देतात. प्रश्न विचारा, विचारलं नाही तर अर्धं राहून जातं. नुसतं फोटो काढून दहा मिनिटांत बाहेर पडणारे पण असतात, त्यांना काय मिळतं देव जाणे.

जाण्याआधी फोन करून विचारा, खेळ बघायचा असेल तर विशेष, कारण कलाकार माणसं आहेत, बटण दाबलं आणि सुरू झालं असं नाही. ट्रेनने येणाऱ्यांना कुडाळ स्टेशन, तिथून रिक्षा. राऊळ महाराजांच्या मठात जाणार असाल तर तोही पिंगुळीतच, एका फेरीत दोन्ही होतं. चित्र किंवा बाहुली विकत घेणार असाल तर प्लीज घासाघीस करू नका, मॉलमध्ये करता का? आम्ही चामड्याची एक छोटी बाहुली घेतली. लेक रोज रात्री लाईट घालवून मोबाईलच्या टॉर्चसमोर धरून भिंतीवर खेळ करते, आवाज स्वतःच काढते आणि ओठ हलतायत ते झाकायला तोंडावर उशी धरते, ते तिला कोणी शिकवलं नाही.