‘तलफ घालवणारी’ खनिजं: आमच्या घरी झालेली फसवणूक

धाकटा भाऊ दारू सोडून सावरत होता. डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोन, म्हणजे दारूची तलफ कमी करणारी गोळी, सुरू केली होती, समुपदेशन चालू होतं. झोप मात्र लागत नव्हती आणि चिडचिड तर विचारू नका. घरातले सगळे मेटाकुटीला आलेले असतात, तेव्हाच असले लोक बरोब्बर दारात उभे राहतात. आम्हाला भेटला तो फोनवर. स्वतःला ‘रिकव्हरी न्यूट्रिशन तज्ज्ञ’ म्हणवणारा, पहिल्याच वाक्यापासून मला ताई म्हणणारा. त्याचा दावा असा, की अंगातली खनिजं भरून काढली की दारूची तलफ जाते.

त्याचं बोलणं ऐकताना खोटं कुठे सुरू झालं ते कळत नाही, कारण सुरुवात खरी असते. बरीच वर्षं दारू पिणाऱ्याच्या लघवीतून मॅग्नेशियम जास्त वाहून जातं, जस्तही कमी होतं. यात वाद नाही. मग तो म्हणाला, “रक्ताच्या तपासणीत हे दिसतच नाही.” हे अर्धं खरं. शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी जेमतेम १ टक्का रक्तात असतं, त्यामुळे आकडा ठीक असूनही तुटवडा असू शकतो. पण या अर्ध्या खऱ्याच्या जोरावर त्यानं आम्हाला केसांची तपासणी विकली! चिमूटभर केस पाकिटातून पाठवायचे, की रंगीत रिपोर्ट येतो. आमच्या रिपोर्टात जवळजवळ सगळे रकाने लाल. पुढे वाचनात आलं, की २००१ साली अमेरिकेत एकाच निरोगी व्यक्तीचे केस सहा प्रयोगशाळांना पाठवून पाहिले होते. ना आकडे एकमेकांशी जुळले, ना सल्ले.

रिपोर्टवरून ‘खास तुमच्यासाठी’ डबा आला. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. डब्यावर खनिजांची नावं ओळीनं छापलेली, पण कुठलं किती याचा पत्ता नाही. ‘विशेष मिश्रण’ म्हणून सगळ्यांचं मिळून एकच वजन. मॅग्नेशियम होतं ते ऑक्साइडच्या रूपात, म्हणजे स्वस्तातलं आणि अंगी कमी लागणारं. भावाला जुलाब सुरू झाले. विचारलं तर म्हणे, “ताई, साठलेलं विष बाहेर पडतंय.” मॅग्नेशियम ऑक्साइड पोट साफ व्हायलाही देतात, हे त्या तज्ज्ञाला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

इथवर नुकसान पैशांचं होतं. मग मेसेज आला: “रासायनिक गोळी बंद करा, ती खनिजं अंगात मुरू देत नाही.” याला कसलाही आधार नाही. भावानं गोळी थांबवली, तलफ उसळली, तो पुन्हा प्यायला. जाब विचारला तर उत्तर तयार: कोर्स अर्धवट सोडला, इच्छाशक्ती कमी पडली. तलफ खनिजांनीच जाणार होती ना, मग इच्छाशक्ती मध्येच कुठून उपटली? पैसे परत फक्त न उघडलेल्या डब्याचे.

डॉक्टरांनी डबा उलटसुलट पाहून विचारलं, “यात थायमिन कुठे आहे?” नव्हतंच. दारूमुळे होणाऱ्या तुटवड्यांत सगळ्यात धोक्याचा तुटवडा या ब-१ जीवनसत्त्वाचा. माणूस गोंधळतो, तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते. अशा वेळी ते तातडीनं इंजेक्शनमधूनच द्यावं लागतं. थायमिनला काम करायला मॅग्नेशियम लागतं, म्हणून मॅग्नेशियमला उपचारात जागा आहे. पण ते तुटवडा भरून काढतं, तलफ घालवत नाही. जस्त महिनोन्महिने जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं, रक्त कमी होतं, नसांना इजा पोचते. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम साठत जातं. मात्राच छापलेली नसेल तर हे सांभाळायचं कसं?

असेच डबे ‘घरबसल्या दारू सोडा’ म्हणूनही विकले जातात, आणि ते तर जिवावरचं आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर पहिल्या दोनेक दिवसांतच फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊ शकतो. हात थरथरणं, घाम, असंबद्ध बडबड दिसली तर थेट रुग्णालय गाठा.

आम्ही ग्राहक तक्रार केली आहे. तुम्हीही अशात अडकला असाल तर पावती, डब्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो आणि रिपोर्ट जपून ठेवा. गोळी बंद करायला सांगणाऱ्या मेसेजचा स्क्रीनशॉट सगळ्यात आधी काढा. आमच्याकडचे बाकीचे मेसेज त्यानं मागाहून पुसून टाकले.