जुन्या मस्टँग जीटीला ३.७३ चे गिअर टाकले, रोजच्या गाडीसाठी पहिला खर्च हाच करा

गाडी २००२ ची मस्टँग जीटी, ४.६ लिटर टू-व्हॉल्व्ह व्ही-८, पाच गिअरची मॅन्युअल, आणि रोज ऑफिसला हीच जाते, म्हणजे शनिवार-रविवारचं खेळणं नाही. हळूहळू बरंच काही बसवून झालंय तिला, त्यातलं पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले असं एकच आणि ते म्हणजे मागच्या ॲक्सलमधले ३.७३ चे गिअर, म्हणजे चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट ३.७३ वेळा फिरतो. बोनेट उघडलं तर त्यातलं काहीच दिसत नाही, मित्रांना दाखवता येत नाही, फोटो टाकता येत नाही, बहुतेक म्हणूनच लोक आधी इनटेक (इंजिनला हवा पोचवणारा पाइप आणि फिल्टर) घेतात आणि मग विचारतात की पिकअप का वाढला नाही.

आता कंपनीकडून गाडी कशी येते ते बघा. २६० हॉर्सपॉवर, ३०२ पाउंड-फूट टॉर्क, आणि तो टॉर्क पूर्ण मिळतो ४००० आरपीएमला. मागे गिअर ३.२७ चा. हायवेला ७० मैलांच्या स्पीडला पाचव्या गिअरमध्ये इंजिन जेमतेम २००० आरपीएमवर फिरत असतं, म्हणजे जिथे दम आहे त्याच्या निम्म्यावर. समोरच्या ट्रकला ओव्हरटेक करायचं म्हटलं की पाचव्यातून चौथा नाही, थेट तिसरा टाकायला लागतो. सिग्नलवरून उठतानाही तेच, व्ही-८ आहे, आवाज आहे, पण पहिल्या दहा-पंधरा फुटांत गाडी आळस देऊन उठल्यासारखी उठते.

मागचा गिअर बदलला की इंजिनला हात न लावता चाकावर पोचणारा टॉर्क वाढतो. साधा गुणाकार आहे, पहिल्या गिअरचा रेशो ३.३८, त्याला ३.२७ ने गुणलं की ११.०५ येतात, ३.७३ ने गुणलं की १२.६. म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा टॉर्क १४ टक्के जास्त. तेवढाच फरक इंजिनमधून काढायचा तर ३६ हॉर्सपॉवर वाढवावे लागतील, आणि या टू-व्हॉल्व्ह इंजिनमधून टर्बो किंवा सुपरचार्जर न लावता नुसत्या बोल्ट लावायच्या पार्ट्सनी ३६ काढणं म्हणजे पाकीट रिकामं करायचं काम. अर्थात फुकट काही नाही, प्रत्येक गिअर साधारण १२ टक्के लवकर संपतो, शिफ्ट लवकर करावी लागते, टॉप स्पीडचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, पण ऑफिसला जाताना टॉप स्पीड कोण मोजतंय.

३.७३ की ४.१० हा वाद कधी संपत नाही. या इंजिनवर ४.१० टाकणारे खूप आहेत आणि ते चूक नाहीत, ड्रॅग रेसच्या स्ट्रिपवर नेत असाल तर तेच घ्या. पण ४.१० मध्ये पहिल्या गिअरचं गणित १३.९ पर्यंत जातं, ट्रॅफिकमध्ये पहिला टाकला की लगेच दुसरा, पहिला जवळपास बिनकामाचा होतो. हायवेला ७० ला साधारण २५५० आरपीएम. ३.७३ ला तेच २३२५ च्या आसपास, म्हणजे आधीपेक्षा तीनएकशे जास्त, कानाला फारसं जाणवत नाही. रोजची गाडी आणि मधे मोठा हायवे असेल तर माझं मत ३.७३. ऍव्हरेज हायवेला थोडा पडतो हे खरं, पण शहरात मला तर फरक दिसला नाही, उलट गाडी उठवायला ॲक्सिलरेटर कमी दाबावा लागतो.

आता बसवण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण या कामात पार्ट चांगला असून फिटिंग वाईट असेल तर सगळं वाया. मी फोर्डचाच परफॉर्मन्स विभागाचा सेट घेतला, रिंगला (ॲक्सलमधला मोठा गिअर) ४१ दात आणि पिनियनला (त्याला फिरवणारा छोटा गिअर) ११, बाकी कंपन्यांचे थोडे स्वस्त मिळतात पण आवाज करतात अशी तक्रार त्यांच्याबद्दल जास्त ऐकू येते आणि रोज बसायच्या गाडीत मागून घूंऽऽ असा आवाज मला नको होता. सोबत बेअरिंग, सील, शिम (जागा नेमकी करणाऱ्या पातळ चकत्या), नवीन क्रश स्लीव्ह (नट आवळला की दबणारी नळी) आणि पिनियनचा नवीन नट असलेला इन्स्टॉलेशन किट घ्याच. जुनी बेअरिंग "अजून चांगली आहेत" म्हणून परत वापरणाऱ्या मेकॅनिकच्या दुकानातून गाडी तशीच बाहेर काढा. वीस वर्षांची बेअरिंग आहेत ती.

दुकान निवडताना किंमत विचारण्याआधी मी एकच प्रश्न विचारत होतो, पॅटर्न कसा चेक करता? एका ठिकाणी उत्तर आलं की आम्ही अंदाजाने बसवतो, इतकी वर्षं करतोय. नमस्कार करून निघालो. दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या बाबाने न विचारता पिवळ्या मार्किंग कंपाउंडचा डबा काढून दाखवला, दातांवर ते लावून गिअर फिरवतात आणि दात कुठे टेकतो त्याचा ठसा बघतात, ठसा दाताच्या मधोमध यायला हवा, टोकाकडे किंवा मुळाकडे सरकला की पिनियनचा शिम बदलून परत सगळं खोलायचं. मग डायल इंडिकेटर लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, तो या ८.८ इंचाच्या ॲक्सलला इंचाच्या हजाराव्या भागात ८ ते १२ च्या दरम्यान ठेवतात. आणि पिनियनचा प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर आधीच दिलेला ताण, नवीन बेअरिंगला १६ ते २९ इंच-पाउंड. इथे घाई करणारा माणूस नट जास्त आवळतो, क्रश स्लीव्ह जास्त दबते, आणि मग नट थोडा सैल करून चालत नाही, नवीन स्लीव्ह टाकूनच परत सुरुवात करावी लागते. बाबाने गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी ठशाचे फोटो फोनवर दाखवले. मजुरी सेटच्या किमतीपेक्षा जास्त झाली आणि मला एक डॉलरही जड वाटला नाही.

ॲक्सल उघडलाच आहे तर ट्रॅक्शन-लॉकचे (मागची दोन्ही चाकं मिळून फिरवणारी यंत्रणा) क्लच पॅकही बदलून घ्या. या गाड्यांमध्ये ते एव्हाना झिजलेलेच असतात, मग जोरात उठलं की एकच चाक फिरत बसतं आणि तुम्ही म्हणता गिअर टाकून उपयोग काय झाला. ऑइल भरताना त्या क्लच पॅकसाठी लागणारं फ्रिक्शन मॉडिफायर टाकलंय का ते स्वतः बघा, नाहीतर वळताना मागून कटकट आवाज येतो आणि लोक घाबरून परत दुकानात जातात.

ब्रेक-इन मनापासून करा. पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं शांतपणे चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची, असं काही वेळा, आणि पहिले ५०० मैल ना जोरात उठायचं ना मागे काही ओढायचं. नवीन गिअर खूप तापतात, पहिल्यांदाच रपाटून चालवली तर दात जळतात आणि तो आवाज आयुष्यभर राहतो. मला ५०० मैल संपेपर्यंत धीर धरवत नव्हता हे वेगळं.

एक गोष्ट बरेच दुकानवाले सांगत नाहीत. या गाडीत स्पीडचा सेन्सर गिअरबॉक्सवर आहे, त्यामुळे मागचा गिअर बदलला की मीटर १४ टक्के जास्त दाखवतो, खरा स्पीड ७० असेल तर काटा ८० वर. ओडोमीटरही तसाच पळतो, म्हणजे न चालवलेले मैल गाडीच्या नावावर चढत राहतात, विकताना ते मैल तुमच्याच किमतीतून जाणार. हँडहेल्ड ट्यूनरने (गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणारं हातातलं यंत्र) कॉम्प्युटरमधला रेशो बदलून घ्यायचा, काम संपलं. ट्यूनर असाही घ्यायचाच असेल तर तो याच वेळी घ्या.

ट्यूनचं नाव निघालंच आहे तर तेही सांगतो. या गाडीला थ्रॉटल केबलचा आहे, नवीन गाड्यांसारखा इलेक्ट्रॉनिक नाही, त्यामुळे "ट्यून केल्यावर पॅडल एकदम शार्प होतं" हे नवीन मस्टँगवाल्यांचं वाक्य आपल्याला लागू नाही. कंपनीने हे इंजिन ८७ ऑक्टेनवर चालेल असं ठेवलंय, ९१ किंवा ९३ चा ट्यून टाकला की स्पार्कचं टायमिंग वाढवून थोडी पॉवर मिळते, वाईट नाही, पण मग प्रत्येक टाकीला महाग पेट्रोल भरत बसायचं. रोजच्या गाडीला हा हिशोब मला पटत नाही. मी फक्त मीटर आणि फॅनचं टेम्परेचर बदललं, बाकी ८७ वरच ठेवलं. बॉक्समधला ट्यूनर एका गाडीला लॉक होतो, सेकंडहँड घेत असाल तर आधीच्याने अनलॉक केलाय का विचारा.

कोल्ड एअर इनटेक, आवाज मस्त, बाकी विशेष नाही. कंपनीचा एअरबॉक्स आधीच फेंडरमधून बाहेरची हवा घेतो. कॅलिफोर्नियात असाल तर ईओ नंबर (राज्याच्या प्रदूषण खात्याची मंजुरी) असलेलाच घ्या नाहीतर दर दोन वर्षांच्या स्मॉग चेकला गाडी अडते.

सायलेन्सरबद्दल एवढंच की कॅट-बॅक घ्या, तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागून सुरू होतो, कायद्याच्या भानगडीत पडत नाही. कन्व्हर्टर काढून टाकलेले मधले पाइप विकणारे "ऑफ-रोड" असं लिहून विकतात, ऑफ-रोड म्हणजे रस्त्यावर चालवायचा नाही असाच त्याचा अर्थ, फेडरल कायद्याने कन्व्हर्टर काढणं बेकायदा आहे, तुमच्या राज्यात चेकिंग असो वा नसो. आणि रोज सकाळी सहाला गाडी सुरू करणार असाल तर शेजाऱ्यांचाही विचार करा. कॅलिफोर्नियात ९५ डेसिबलची मर्यादा आहे ते वेगळंच. मी मधलाच आवाज असलेला घेतला, हायवेला डोकं दुखत नाही, बोगद्यात मजा येते.

गिअरच्या नंतर दुसरा नंबर माझ्यासाठी सबफ्रेम कनेक्टरचा. या गाडीचा सांगाडा १९७९ च्या फॉक्स मस्टँगपासून चालत आलेला, पुढची आणि मागची सबफ्रेम वेगवेगळी आणि मधे नुसता पत्रा, म्हणून वीस वर्षांत गाडी ढिली होते, खड्ड्यातून गेलं की डॅशबोर्ड कुरकुरतो, जॅकवर उचलली की दरवाजा नीट लागत नाही. लांब, सीटच्या खालीही वेल्ड होणारे कनेक्टर घ्या, बोल्टवाले नको. वेल्डिंग गाडी चाकांवर उभी असताना करायला सांगा, हवेत लटकवून केलं तर वाकलेला सांगाडा तसाच पक्का होऊन बसतो. २००१ च्या बुलिट एडिशनला तर फोर्डने कंपनीतूनच कनेक्टर दिले होते, म्हणजे गरज त्यांनाही माहीत होती. पॉवर काडीची वाढत नाही, पण गाडी पाच वर्षांनी तरुण वाटते.

आणि हे सगळं करायच्या आधी, अगदी गिअरच्याही आधी, टायर बघा. मागचे टायर दगड झालेले असतील तर १४ टक्के जास्त टॉर्क नुसता धूर काढेल, पावसात तर विचारूच नका. ब्रेकला चांगले पॅड आणि नवीन ब्रेक फ्लुइड, तेवढं सुरुवातीला पुरतं, पुढे कधी पैसे आले तर मस्टँगच्याच कोब्रा मॉडेलचे १३ इंची डिस्क या गाडीला बसतात. पूर्ण प्लास्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड असलेली जुनी गाडी असेल, १९९९ ते २००१ च्या बऱ्याच जीटींना तोच आहे, तर पुढच्या बाजूला जिथून कूलंट जातं तिथे चिरा पडल्यात का बघा, नंतरच्यांना त्या जागी ॲल्युमिनियम आलं. प्लग बदलायला घेतले तर इंजिन पूर्ण थंड असताना आणि टॉर्क रेंच लावूनच, या हेडला सुरुवातीच्या वर्षांत प्लगसाठी थ्रेड फारच कमी होते आणि प्लग उडून बाहेर आलेल्या गाड्या खूप आहेत. क्लच केबलचा प्लास्टिकचा क्वाड्रंट (पॅडलपाशी केबल ओढणारा भाग) तुटायच्या आधी ॲल्युमिनियमचा टाका, किंमत फार नाही, रस्त्यात अडकायचं मात्र टळतं. यातलं काहीच "परफॉर्मन्स" नाही असं म्हणणारे भेटतील, त्यांना म्हणावं टो ट्रकच्या मागे बसल्यावर कितीचा क्वार्टर माइल येतो ते सांगा.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी शेवटचं, तुमच्या गाडीचा पहिला गिअर २.८४ चा आहे, मॅन्युअलच्या ३.३८ पेक्षा बराच लांब, त्यामुळे मी मॅन्युअलबद्दल लिहिलेलं जसंच्या तसं घेऊ नका. तुम्हाला ४.१० टाकले तरी पहिल्याचं गणित ११.६ च येतं, म्हणजे माझ्या ३.७३ च्या गाडीपेक्षाही कमी, त्यामुळे ऑटोमॅटिकला मी बिनधास्त ४.१० सांगेन. हायवेला आरपीएम २६०० च्या पुढे जाईल, रोज तासभर हायवेवर असाल तर मात्र ३.७३ वर थांबा.