कूलरवर पुन्हा खर्च करावा की एसी घ्यावा? खारपाणपट्ट्यातल्या घराचा हिशेब

होळी जवळ आली की आमच्याकडे घरोघरी हा विषय निघतो. कूलरची टाकी गळते, ताट्या (कूलरच्या बाजूंचे भिजणारे पॅड) बदलायला झाल्या, पंप जाम झाला. मग जुन्यावरच पैसे घालायचे की थोडे आणखी टाकून एसीच घ्यायचा? मी अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, बोअरचं पाणी खारं असलेल्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावात राहतो. घरी दोन्ही आहेत. समोरच्या खोलीत पत्र्याचा मोठा डेझर्ट कूलर आणि आईच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर एसी. दोन्हींच्या दुरुस्त्या करून घेतल्यात, त्यावरून सांगतो.

रत्नागिरीचा माझा मावसभाऊ दरवेळी म्हणतो, "दादा, कूलर काढून टाक, त्याचा काही उपयोग नाही." त्याच्या गावापुरतं ते खरं आहे. किनाऱ्यावर ३४ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असली तर चांगला कूलरही हवा फार तर ३० अंशांपर्यंत आणतो, आणि तीही दमट, घाम न वाळवणारी. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा ताट्या नीट भिजल्या असतील तर तोच कूलर २८-२९ अंशांची हवा देतो. पंधरा अंशांचा हा फरक साधारण २०० वॅटमध्ये मिळतो. दहा तास चालवला तर दोन युनिट. दीड टनाचा एसी भर उन्हाळ्यात आठ तास चालला की आठ-दहा युनिट सहज जातात.

मावसभावाच्या एसीचं दुखणं वेगळं. खारी हवा बाहेरच्या युनिटची कॉइल खाते, पातळ पट्ट्यांचा भुगा होतो आणि गॅस गळतो. गोड्या पाण्याने ती कॉइल वरचेवर धुतली नाही तर तिचं आयुष्य बरंच कमी होतं. आपल्याकडे हवेत मीठ नाही, पण पूर्णेच्या खोऱ्यात ते बोअरच्या पाण्यात आहे. कूलरमधलं पाणी उडून जातं आणि मीठ ताटीवर राहतं. मागच्या मे महिन्यात ताटी काढून पाहिली, तर वरचा अर्धा भाग पांढरा, दगडासारखा कडक झालेला. बोटाने दाबला की पापडी तुटावी तसे तुकडे पडत होते. तेवढ्या भागातून हवाच येत नव्हती, आणि आम्ही पंख्याला दोष देत होतो.

म्हणून खारपाणपट्ट्यात कूलर ठेवणार असाल तर महागडे हनीकॉम्ब पॅड घेऊ नका. त्यांच्या बारीक नळ्यांत क्षार बसला की निघत नाही. लाकडाच्या किसाच्या (वूडवूलच्या) साध्या ताट्या काही शे रुपयांत येतात, त्या हंगामात दोनदा बदला. टाकीत नुसती वरून भर घालत राहू नका. दर दोन-तीन दिवसांनी उरलेलं पाणी पूर्ण काढून टाका, कारण ते मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारट झालेलं असतं. आठवड्यातून एकदा टाकीच्या कडा घासा. डेंग्यूच्या डासांची अंडी कडेला चिकटून राहतात, पाणी ओतल्याने जात नाहीत.

आणि अर्थिंग. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी आपल्या भागातून येते. पत्र्याची बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय, दोन पिनांची वायर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि पाणी भरताना पिन काढलेली असू द्या. एसीचा विचार पुढे ढकला, हे काम ढकलू नका.

आता एसी. त्याची टनात लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. स्टार रेटिंगच्या स्टिकरवरचे वर्षाचे युनिट १६०० तासांचे असतात आणि त्या हिशेबात बाहेरचं तापमान ४३ अंशांपुढे धरलेलंच नसतं. अकोला, अमरावती, चंद्रपूर ४५ ओलांडतात तेव्हा मशीन कमी गार करतं आणि जास्त वीज खातं. त्यात खोलीवर टिनाचं छत असेल तर दीड टन पुरत नाही. आधी छताखाली सीलिंग करून घ्या, नाहीतर पैसे पाण्यात. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर किंवा टिनावर ठेवू नका. तापून ट्रिप होतं.

गावातला खरा प्रश्न दुरुस्तीचा. कूलरचा पंप, कॅपॅसिटर, बुश कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळतं आणि गावातला वायरमन बदलून देतो. एसीचा मेकॅनिक अमरावती-अकोल्याहून येतो, आणि मे महिन्यात चार-चार दिवस वाट पाहावी लागते. एका उन्हाळ्यात आमच्याकडे दोनदा गॅस भरला. तिसऱ्या वेळी दुसऱ्या मेकॅनिकने साबणाचा फेस लावला, तर गॅसच्या पाइपच्या जोडावरच्या फ्लेअर नटपाशी बुडबुडे आले. गॅस वापरून संपत नाही; कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती शोधल्याशिवाय आणि पाइपातली हवा ओढून व्हॅक्यूम केल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. शेतीच्या फीडरजवळ घर असेल तर व्होल्टेजच्या चढउतारात एसीचा पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड) जातो, आणि तो एक भाग कूलरच्या कित्येक वर्षांच्या खर्चाइतका असतो. स्टॅबिलायझर हवाच. कापूस घरात भरून ठेवता? मग फिल्टर पंधरा दिवसांनी नाही, आठवड्याने धुवा. त्यावर कापसाच्या तंतूंची गोधडीच तयार होते.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र कूलर हात टेकतो. पाऊस थांबला की उकाडा कोकणासारखाच, ताट्या ओल्या करून खोली फक्त दमट होते. ते दोन महिने एसीचे.

माझं मत विचाराल तर धडधाकट माणसांच्या घरात, पाण्याची सोय असेल तर, कूलरच नीट करून घ्या आणि उरलेले पैसे अर्थिंग-सीलिंगवर घाला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत असेल तर गणित उलटतं, कारण भर दुपारी मोठा कूलर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी पितो. घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ किंवा दम्याचा पेशंट असेल तर एका खोलीत एसी घ्या, आणि तो मार्चमध्येच सर्व्हिस करून घ्या. आईच्या खोलीत आम्ही २६ अंशांवर लावतो, वर पंखा मंद ठेवतो. रात्री लाइन जाते तेव्हा ती उठून खिडकी उघडते आणि समोरच्या खोलीत बॅटरीच्या इन्व्हर्टरवर चालणाऱ्या कूलरपुढे येऊन झोपते.