गाडीत मागे शेल्फ करायचंय: प्लाय, लोखंडी पाइप, ॲल्युमिनियम की नुसते क्रेट?

गुरखा, थार रॉक्स, स्कॉर्पिओ किंवा जिम्नी अशी दणकट गाडी घेतली, पावसाळ्यात इंदूरहून मांडवला जाऊन आलो, चोरलच्या बाजूला एकदा तंबू ठोकून झाला, की पुढची अडचण ठरलेली असते. तंबू काढायचा तर आधी स्टोव्ह उतरवा, स्टोव्हखाली पाण्याचा कॅन, आणि सकाळच्या पोह्यांची पिशवी सगळ्यांच्या तळाशी. मग मागे शेल्फ करून घ्यायचं ठरतं. घरचं फर्निचर केलेला मिस्त्री म्हणतो प्लाय घ्या. सांवेर रोडचा फॅब्रिकेटर म्हणतो चौकोनी पाइप. व्हिडिओ बघावेत तर तिथे सगळीकडे ॲल्युमिनियम प्रोफाइल. आणि चौथा पर्याय कोणी सुचवत नाही, कारण त्यात कुणालाच मजुरी मिळत नाही: शेल्फ न करता क्रेट नीट बांधून नेणं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्यापैकी बहुतेकांची ही गाडी एकच गाडी असते. शनिवारी ती जंगलाकडे जाते आणि सोमवारी तिच्यातून मुलं शाळेत, आई डॉक्टरकडे आणि घरचा किराणा जायचा असतो. तेव्हा कुठलं शेल्फ सर्वात मजबूत, हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं ते असं की रविवारी रात्री ते शेल्फ दोन माणसांना ड्रिल-पाने न शोधता बाहेर काढता येईल का. ज्या शेल्फला याचं उत्तर ‘नाही’ असं आहे, ते कितीही देखणं असलं तरी मी सुचवणार नाही.

वजनावरून खूप वाद ऐकू येतात. लोखंड जड, ॲल्युमिनियम हलकं, प्लाय मधलं, असं सगळेच धरून चालतात. हिशेब करून बघू. साधारण ११० सेंमी रुंद, ८० सेंमी खोल आणि ३५ सेंमी उंच असं एकमजली शेल्फ धरा. १२ मिमी प्लायमध्ये वरचा पाट, तीन उभ्या फळ्या आणि मागची पट्टी मिळून सुमारे दोन चौरस मीटर माल लागतो. एका चौरस मीटरला जवळपास ८ किलो, म्हणजे एकूण १६. तेच १८ मिमीमध्ये केलं तर २३-२४. आता पाइप: २५ बाय २५ मिमीचा, १६ गेजचा म्हणजे १.६ मिमी जाडीचा चौकोनी पाइप मीटरला सुमारे १.२ किलो भरतो. ११ मीटर पाइप आणि वर ९ मिमी प्लाय धरला तर १८ किलो. ॲल्युमिनियमच्या ३० बाय ३० प्रोफाइलचा हाच सांगाडा, त्याचे कोनजोड आणि वरचा पाट मिळून पुन्हा १६ च्या आसपास. फरक दोन किलोंचा! पाण्याची एक बाटली कमी-जास्त केली की मिटला.

वजन वाढतं ते मालाने नाही, मिस्त्रीच्या प्रेमाने. “भैया, चालीस का लगा देता हूँ, जिंदगीभर हिलेगा नहीं,” असं म्हणून त्याने ४० बाय ४० चा १४ गेज, म्हणजे आणखी जाड, पाइप वापरला की तोच सांगाडा ३० किलोंच्या वर जातो. प्लायवाल्याचंही तसंच, घरच्या कपाटाची सवय असल्याने त्याचा हात आपोआप १८ मिमीकडे जातो. म्हणून कुठलाही पर्याय घ्या, जाडी आणि गेज तुम्ही ठरवा आणि कागदावर लिहून द्या.

जिम्नीवाल्यांनी तर हे फार मनावर घ्यावं. गाडीचं स्वतःचं वजन सुमारे १२०० किलो आणि भरून एकूण मर्यादा १५४५. म्हणजे माणसं आणि सामान मिळून साडेतीनशेच्या आत. चार मोठी माणसं बसली की अडीचशे-पावणेतीनशे तिथेच संपले. उरलेल्या ७०-८० किलोंत ३० किलोंचं शेल्फ घालणं शहाणपणाचं नाही. शिवाय मागची सीट उभी असताना जिम्नीची डिकी २०८ लिटरची. तिथे शेल्फ करायचंच तर ते दोघांच्या प्रवासासाठी, मागची सीट पाडून.

आता एकेक पर्याय.

प्लायचा मोठा गुण म्हणजे तो गाडीच्या आकाराला ऐकतो. मागच्या चाकावरचा व्हीलआर्चचा फुगवटा, दाराकडची निमुळती बाजू, पाडलेल्या सीटचा उतार, सगळं पुठ्ठ्यावर काढून कापता येतं, आणि घरच्या मिस्त्रीलाच ते जमतं. बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या दर्जाचा प्लाय पुरतो, त्यावर आयएस ३०३ चा शिक्का बघून घ्या. आयएस ७१० म्हणजे मरीन घेतला तर उत्तमच, कारण पावसाळ्यात ओला तंबू आणि चिखलाचे बूट शेवटी याच फळ्यांवर येऊन पडतात. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड मात्र अजिबात नको. कडेने एकदा पाणी प्यायलं की फुगतं आणि स्क्रू धरत नाही.

प्लाय हरतो तो जोडात. घरचं कपाट जागचं हलत नाही, त्यामुळे फळीच्या कडेत स्क्रू मारला तरी वर्षानुवर्षं चालतं. गाडीत तोच स्क्रू खडकाळ रस्त्यावर प्रत्येक हिसक्यासरशी थोडा थोडा डुलतो. काही महिन्यांनी जवळून बघा: स्क्रूच्या डोक्याभोवती बारीक पिवळसर भुगा दिसतो, भोक गोलाचं लांबट झालेलं असतं, आणि फळी हाताने दाबली की कुरकुरते. उपाय अवघड नाही, फक्त आधी सांगावा लागतो. उभ्या फळ्या वरच्या पाटाला चार-पाच मिमी खाच पाडून त्यात बसवायच्या, वॉटरप्रूफ गोंद लावायचा, आणि आतल्या कोपऱ्यात ॲल्युमिनियमचा अँगल आरपार नट-बोल्टने घट्ट करायचा. असं केलेला १२ मिमीचा प्लाय नुसत्या स्क्रूंवर उभ्या असलेल्या १८ मिमीपेक्षा जास्त टिकतो. कडा उघड्या ठेवू नका. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे दोन हात किंवा एज बँडिंग, म्हणजे कडेवर चिकटवायची पट्टी, हवंच.

लोखंडी पाइप सर्वात स्वस्त आणि पटकन होणारा. लोहामंडीतून माल आणला की वेल्डिंगवाला सांगाडा दिवसात उभा करतो. बारा व्होल्टचा फ्रिज ठेवायचा आहे, त्याच्याखाली सरकता ट्रे हवा आहे, असं असेल तर मी पाइपच घेईन. भरलेला फ्रिज तीस किलोंच्या घरात जातो आणि तो बाहेर ओढला की सगळा भार पुढच्या टोकाला लटकतो; तिथे वेल्ड केलेल्या चौकटीची बरोबरी प्लाय करू शकत नाही. पण एकदा वेल्ड झालं की झालं. वर्षाने मोठा स्टोव्ह घेतला, गाडी बदलली, तर ग्राइंडरशिवाय इलाज नाही. गंजाचंही लक्षात ठेवा. रंग बाहेरून लागतो, पाइप आतून गंजतो. उघडी टोकं कॅप बसवून किंवा वेल्डने बंद करून घ्या आणि शक्य असेल तर पावडर कोटिंग करा.

इथे एक सावधगिरीचा इशारा. सियागंजात दुकानांच्या रॅकसाठी मिळणारा भोकांचा स्लॉटेड अँगल बघून अनेकांना वाटतं की हेच जोडून टाकू. कृपा करून नको. त्याच्या कडा धारदार असतात, तिरका आधार नसला की तो बाजूला झुकतो, आणि गोदामात भिंतीला टेकून उभा राहणारा रॅक वळणावर तसा उभा राहत नाही.

ॲल्युमिनियम प्रोफाइलची मजा त्याच्या खाचेत आहे. चारही बाजूंनी खाच, तिच्यात टी-नट सरकवायचा आणि हवं तिथे घट्ट करायचा. आज दोन कप्पे, पुढच्या महिन्यात एक मोठा. दिवा, हुक, पट्टा, घडीचं टेबल, काहीही कुठेही अडकवता येतं. गाडी विकली तर सांगाडा सोडवून नव्या गाडीच्या मापाने पुन्हा जोडता येतो. पैसे मात्र सर्वात जास्त लागतात, आणि जोडणी स्वतः करणाऱ्यालाच तो खरा परवडतो. प्रत्येक जोड म्हणजे एक बोल्ट, आणि खराब रस्त्यावर बोल्ट सैल होतातच. थ्रेडलॉकरचा, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, थेंब आणि अधूनमधून ॲलन कीची फेरी, एवढी शिस्त ज्याच्या अंगात आहे त्याने खुशाल घ्यावा. ज्याला गाडीकडे फक्त निघायच्या दिवशी बघायची सवय आहे, त्याने प्लायवर समाधान मानावं.

क्रेट हा नवख्यांसाठी सर्वात चांगला पर्याय आहे आणि त्याला उगाच कमी लेखलं जातं. झाकणाचे तीन-चार मजबूत डबे, एक स्वयंपाकाचा, एक झोपण्याचा, एक अवजारांचा. खाली घसरू नये म्हणून रबर मॅट, वर रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे, पट्टे. सोमवारी डबे उचलले की गाडी मोकळी. पहिले काही महिने असेच हिंडा. कुठला डबा सारखा उघडावा लागतो, कुठला उघडलाच जात नाही, हे त्यातून कळतं, आणि शेल्फचा नकाशा आपोआप तयार होतो. उणीव एकच: खालचा डबा काढायला वरचा उतरवावा लागतो. तो त्रास खरोखर जाचायला लागला, की समजावं शेल्फची वेळ आली.

बाजूच्या काचेला लावायचे भोकांचे मोली पॅनल आणि छताखालची जाळी यांना मी शेल्फचा पर्याय मानत नाही, जोड मानतो. टॉर्च, दोरी, औषधांची पिशवी यासाठी ठीक. पण जिम्नी आणि रॉक्समध्ये कर्टन एअरबॅग असते. ती छताच्या कडेने, दारांच्या वरून खाली उघडते. तिच्या वाटेत जाळीचा हुक, पॅनलचा क्लॅम्प किंवा पिलरच्या ट्रिममध्ये मारलेला स्क्रू येता कामा नये.

आणि आता ज्यावर सर्वात कमी बोललं जातं ते: शेल्फ गाडीला धरून कसं राहतं. गाडी ५० च्या वेगाने कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर मागच्या २० किलोंच्या डब्याला जागेवर रोखायला सरासरी ३९० किलोंचा जोर लागतो. वजनाच्या जवळपास वीसपट. हा जोर बंजी दोरीने, वेल्क्रोने किंवा ‘जड आहे, हलणार नाही’ या भरवशाने पेलत नाही. पुढे आई, बायको, मुलं बसलेली असतात. म्हणून शेल्फ गाडीतल्या मूळ लोखंडी कड्यांना, म्हणजे कंपनीने सामान बांधायला दिलेल्या हुकांना, चारही कोपऱ्यांतून रॅचेट पट्ट्याने किंवा एम८ च्या (८ मिमी जाडीच्या) ८.८ ग्रेड बोल्टने धरलेलं हवं. बोल्टला स्टार नॉब लावला की काढणं हाताने होतं. डब्यांसाठी वेगळा पट्टा हवा. शेल्फ बांधलं म्हणजे त्यावरचं सामान बांधलं असं होत नाही.

गाडीच्या तळाला नवीन भोक पाडू देऊ नका. खाली इंधनाची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंग असतं, आणि भोकातून आत आलेलं पावसाचं पाणी मॅटखाली साचून पत्रा खातं. सीटबेल्टचा बोल्ट सोडवून त्यात शेल्फची पट्टी अडकवणंही तितकंच चुकीचं आहे.

भार कुठे ठेवायचा हे सोपं आहे. पाणी, अवजारं, बॅटरी तळाला आणि सीटच्या पाठीला चिकटून. वरच्या मजल्यावर गाद्या, कपडे, कुरमुरे-शेव. मागच्या चाकांच्या पलीकडे, दाराशी जड सामान गेलं की चढावर गाडीचं तोंड हलकं पडतं. शेल्फची उंची सीटच्या पाठीच्या वर जाऊ नये. मागची काच दिसली पाहिजे आणि ब्रेक मारल्यावर डब्याला डोक्यांकडे जायला वाट राहू नये.

गाडीनुसार सांगायचं तर पाच दारांची गुरखा, जी आपल्या पीथमपुरातच बनते, आणि स्कॉर्पिओ यांत ॲल्युमिनियमचा सांगाडा शोभतो, कारण जागा आहे आणि लांबचे प्रवास होतात. रॉक्समध्ये मी प्लायचं बुटकं शेल्फ घेईन. जिम्नीत क्रेट, आणि फार तर सीट पाडून एक पाट.

मागच्या सीट कायमच्या काढून जागा करायचा मोह होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलांशी विसंगत बदलाला मनाई करतं, आणि सीटसंख्या आरसीवर लिहिलेली असते. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते. सीट पाडा, काढू नका.

मिस्त्रीकडे जाण्याआधी पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा साचा करा आणि तो गाडीत ठेवून मागचं दार लावून बघा. दारावर स्टेपनी असलेल्या गाड्यांत दार बाजूला उघडतं, त्यामुळे रस्त्याकडेला उभं असताना शेल्फमधला डबा कुठल्या बाजूने बाहेर येतो हेही तपासा. जॅक आणि पाना शेल्फ न काढता हाती लागतात ना, ते बघा. माप लिहिताना दोन्ही बाजूंना एकेक सेंटीमीटर मोकळा सोडा आणि तिथे फोमची पट्टी भरा, नाहीतर प्लाय व्हीलआर्चच्या प्लास्टिकवर घासून किरकिर करत राहील.

शेल्फ बसल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर येईल अशी ऑइल पेंटची बारीक रेघ ओढा. मग भरलेल्या गाडीने खंडवा रोडचा भेरूघाट एकदा उतरून चढून या. जिथे रेघ तुटलेली दिसेल, तो बोल्ट सैल झालाय. तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा) लावून घ्या आणि मगच लांबचा बेत आखा.