रिफंड पूर्ण आला म्हणून खूश होऊ नका

ज्यानं माझं आयकर रिटर्न भरलं त्याचं नाव लिहीत नाही, वकिलांनी मनाई केली आहे. 'टॅक्स कन्सल्टंट' म्हणवतो, सीए नाही. तुम्ही सीए संस्थेचा सदस्य क्रमांक मागा आणि तपासा.

मी फ्रीलान्स व्हिडिओची कामं करते. २०२२-२३ मध्ये जमा ९,८०,०००, त्यावर टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, ९८,०००. डिसेंबर संपता संपता १,८४,००० चा कॅमेरा आणि ९६,००० चा लॅपटॉप घेतला. हा म्हणाला, "मॅडम, धंद्याची वस्तू, सगळी वजा होते." होत नाही! किमतीचा दरवर्षी थोडा भागच वजा होतो, तो घसारा. कॅमेऱ्यावर १५ टक्के, लॅपटॉपवर ४०, आणि त्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी असेल तर त्याच्याही निम्मा. हक्काचे होते फक्त ३३,०००. यानं दाखवले ६,२५,०००. म्हणजे माझी दोन्ही बिलं पूर्ण, वर ३,४५,००० चे ड्रोन आणि लाइट, जे मी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत.

कापले ९८,०००, परत आले ९८,०००. तिथेच खटकायला हवं होतं. वर्षभर एवढं काम करून कर शून्य? पण पैसे खुद्द आयकर खात्याने पाठवले होते, मग शंका मी का घ्यायची? रिटर्न 'प्रोसेस' झालं म्हणजे कुणी तपासलं असं नसतं, हे तेव्हा कोण सांगतं! त्याची २० टक्के फी, १९,६००, त्याच संध्याकाळी पाठवली. वर 'थँक यू सर'. तो मेसेज आजही बघवत नाही.

आयकर पोर्टलवर माझ्या खात्यात ईमेल त्याने स्वतःचा टाकलेला, नोटिसा तिकडेच गेल्या. (तुमचा आत्ता उघडून बघा.) आता ८१,०२० कर, व्याज वेगळं, आणि कलम २७०ए खाली २०० टक्के दंडाची नोटीस, सुमारे १,६२,००० ची.

पोलीस म्हणाले, आयकराचा विषय. आयकरवाले म्हणाले, रिटर्न पक्कं करायला आधारचा ओटीपी तुम्हीच दिलात, फसवणूक असेल तर पोलिसांत जा. ऑनलाइन तक्रार 'निकाली', उत्तर काय तर नोटिशीला उत्तर द्या! ड्रोन-लाइटच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक खरा की खोटा हे जीएसटी पोर्टलवर कुणालाही दिसतं, ते यांना बघायचं नाही. त्याच ईमेलवर आणखी किती जणांची रिटर्नं आहेत, तेही नाही. माझा पॅन हाताशी आहे ना, मग वसूल करा माझ्याकडून.

नुसती पोचपावती घेऊ नका, पूर्ण रिटर्न आणि घसाऱ्याचा तक्ता मागा. रिफंडवर टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. खर्चाचा हिशेब न देता निम्मी जमा हाच नफा दाखवायच्या सोयीनं (कलम ४४एडीए) रिटर्न भरत असाल तर घसारा त्यातच आला, वेगळा मागता येत नाही. आणि १०,००० च्या वरचं उपकरण रोखीनं घेऊ नका, तो घसाराही हातचा जातो.

त्याचा नंबर चालू आहे. गेल्या जुलैतही स्टेटस होतं, 'रिफंड हमखास'.