विभागप्रमुख कोणाला करावे : कसबी कारागीर की माणसे सांभाळणारा सहकारी?

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या तीस-चाळीस माणसांच्या कारखान्यात जुने फोरमन निवृत्त झाले, किंवा नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पातल्या एखाद्या कंपनीचा टीम लीड पुण्याला निघून गेला, की निर्णय घेणाऱ्यासमोर बहुधा दोनच नावे उरतात. एक ज्याच्या हाताला तोड नाही त्याचे, आणि दुसरे ज्याच्याजवळ माणसे आपणहून अडचण सांगायला जातात त्याचे. पहिल्याला डावलले तर अन्याय वाटतो आणि दुसऱ्याला नेमले तर लोक ‘गोडबोल्याला बढती मिळाली’ म्हणतील अशी धास्ती असते. हा आढावा या पेचात सापडलेल्या मालकासाठी किंवा व्यवस्थापकासाठी आहे.

हा पेच नागपूरने फार पूर्वी पाहिलेला आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू झाली. तिचे व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना निवडले, तेव्हा मेहतांचा अनुभव जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या मालवाहतूक विभागातला होता. सूत आणि कापडाशी त्यांचा संबंध नव्हता. यंत्रांची बाजू लँकेशायरचे तंत्रज्ञ जेम्स ब्रुक्सबी यांच्याकडे होती. म्हणजे गिरणीतले सर्वांत मोठे पद यंत्र सर्वांत चांगले जाणणाऱ्याला मिळाले नाही, आणि जाणकाराला डावललेही गेले नाही. दोन कामे दोघांना दिली गेली. कामगारांच्या गैरहजेरीने ही गिरणी सुरुवातीला बेजार होती, परंतु तिने केवळ दंडावर भर न देता १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाईची व्यवस्था सुरू केली. तीस माणसांच्या कारखान्याला दोन प्रमुख परवडत नाहीत, हे मान्य. तरीही ही दोन कौशल्ये एकाच माणसात असतीलच असे गृहीत धरू नये, एवढे यातून घेण्यासारखे आहे.

आता दोघांना समोरासमोर ठेवून पाहू. रात्री दोन वाजता सीएनसी (संगणकाने चालणारी) मशीन बंद पडली आणि सकाळी माल रवाना व्हायचा आहे, अशा वेळी कारागीर प्रमुखाला पर्याय नाही. तो स्वतः हात घालतो आणि पहाटेपर्यंत मशीन चालू करतो. बॉयलर, क्रेन, उच्चदाबाची विद्युतजोडणी यांसारख्या ठिकाणीही हुकूम एकाचाच चालावा लागतो, कारण तिथे सर्वांची मते विचारत बसण्याइतका वेळ नसतो. नवख्या कंत्राटी हेल्परांनाही प्रथम नेमके काय करायचे ते सांगणारा माणूस हवा असतो.

परंतु पोळ्याचा आठवडा डोळ्यांसमोर आणावा. पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक. निम्मा कारखाना गावी किंवा नागपूरच्या महाल भागात मिरवणुकीला असणार, हे दरवर्षी ठाऊक असते. मी ज्या कारखान्यात उत्पादन नियोजन पाहत असे, तिथला कारागीर प्रमुख दरवर्षी सुट्ट्या नाकारी, माणसे न सांगता दांडी मारीत, आणि तो बिचारा स्वतः दोन पाळ्या उभा राही. त्याच्यानंतर आलेल्या प्रमुखाने पंधरा दिवस आधी कोणाला कोणता दिवस हवा ते विचारून पाळ्यांची अदलाबदल लावून ठेवली. त्याला लेथवर पहिल्याच्या निम्मेही काम येत नव्हते, पण माल वेळेवर निघाला.

प्रमुख जागेवर नसताना काय होते, हा माझ्या मते सर्वांत कळीचा निकष आहे. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये अमेरिकेत मुलांच्या गटांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. हुकूमशाही पद्धतीच्या गटात नेता खोलीबाहेर गेला की काम मंदावे. सर्वांना विचारून चालणाऱ्या नेत्याच्या गटात ते बऱ्याच अंशी चालू राही. मुलांचा प्रयोग कारखान्याला जसाच्या तसा लावणे धाडसाचे आहे. तरी रात्रपाळीचा अनुभव असलेल्या कोणालाही तो परका वाटणार नाही. परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या सॉफ्टवेअर गटात तर बरीच माणसे घरून काम करतात, आणि प्रत्येक ओळ स्वतः तपासणारा हुशार प्रमुख तिथे लवकरच अडसर ठरतो. तो रजेवर गेला की सारे काम त्याच्या टेबलाशी थांबते.

बढतीच्या वेळी आपण आकडे पाहतो, आणि तिथेच फसगत होते. अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात चांगल्या नेतृत्वाच्या गटांत चुकांची नोंद जास्त आढळली. कारण तिथे चूक लपवावी लागत नव्हती. म्हणून ज्याच्या पाळीत रिजेक्शन (तपासणीत नापास झालेला माल) कागदावर नगण्य आहे त्याची पाठ थोपटण्यापूर्वी, खराब झालेला नग भंगाराच्या ढिगात गुपचूप जात नाही ना, हे पाहून यावे. टोयोटाच्या कारखान्यांत बिघाड दिसताच साध्या कामगारालाही दोरी ओढून लाइन थांबवण्याची मुभा आहे. आपल्याकडे दोरी बांधणे सोपे. ती ओढणाऱ्यावर न ओरडणारा प्रमुख मिळणे अवघड.

कामातले कौशल्य आणि माणसे चालवण्याचे कौशल्य वेगळे आहे, याला मोठा पुरावा विक्री क्षेत्रातून मिळाला. बेन्सन, ली आणि शू या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, अमेरिकन कंपन्यांत जास्त विक्री करणाऱ्यांना बढतीची शक्यता अधिक होती, पण असे विक्रेते प्रमुख झाल्यावर त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी तुलनेने घसरत होती. गूगलने २००८ च्या सुमारास आपल्या चांगल्या व्यवस्थापकांचे आठ गुण शोधले, तेव्हा तांत्रिक कौशल्य त्या यादीत शेवटी आले. मात्र हा दाखला घाईने उचलू नये. तिथला प्रत्येक जण भरतीच्या वेळीच तंत्रात तयार असतो. आपल्या शॉपफ्लोअरवर तसे नसते. ज्याला ड्रॉइंग वाचता येत नाही, तो कितीही मनमिळाऊ असला तरी त्याला प्रमुख करणे हा कारागिरांचा अपमान आहे, आणि ते त्याला पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पाडतील.

गट नवा असेल, काम धोक्याचे असेल किंवा कारखाना संकटात असेल, तर कारागिराला नेमावे. माणसे अनुभवी असतील, पाळ्या दोन-तीन असतील आणि चुका उशिरा कळत असतील, तर दुसऱ्याला नेमावे. मात्र कामाची पुरेशी जाण ही किमान अट ठेवावी. हिंगणा आणि बुटीबोरी या औद्योगिक वसाहतींतील बहुतेक मध्यम कारखाने मला या दुसऱ्या गटातले वाटतात. शंका उरली तर दोघांनाही सहा-सहा आठवडे प्रभारी करावे आणि त्या काळात वाईट बातमी आपल्यापर्यंत किती तासांत व कोणाकडून पोहोचते, याची नोंद ठेवावी. गोडबोल्याचे पितळही याच नोंदीत उघडे पडते, कारण तो वाईट बातमी वर येऊच देत नाही.

राहता राहिला नाकारलेला कारागीर. त्याच्यासाठी प्रमुखपदाबाहेरची, पण प्रमुखाच्या तोडीच्या पगाराची वेगळी श्रेणी असावी. नव्या मुलांना शिकवणे आणि अवघड जॉबवर अंतिम शब्द देणे हे त्याच्याकडे राहावे. या नव्या श्रेणीचे पत्र त्याला दुसऱ्याच्या बढतीच्या दिवशीच, आणि सूचना फलकावर नाव लागण्याआधी, मालकाने स्वतः द्यावे. महिनाभराने दिले, तर तोवर त्याला बुटीबोरीहून बोलावणे आलेले असते.