घरातली कामाची जागा : बरेच महिने वापरल्यानंतर

घरूनच काम करायचं हे पक्कं झाल्यावर जाळीच्या पाठीची खुर्ची, मोटरवर वर-खाली होणारं टेबल, वेगळा मॉनिटर आणि तो टेबलाच्या कडेला अडकवून हवा तिथे धरणारा आर्म असा सगळा सरंजाम घेतला. नव्याची नवलाई आता पुरती ओसरली आहे. कशाचा खरंच उपयोग होतो आणि काय नुसतं शोभेला उरलंय, ते लिहिते.

सुरुवात टेबलापासून. असं टेबल घेताना ते किती उंच जातं हे सगळे विचारतात, किती खाली येतं हे कुणीच विचारत नाही. वर-खाली न होणारी तयार टेबलं साधारण 73 ते 75 सेंमी उंचीची असतात. माझी उंची बेताची, त्यामुळे पाय जमिनीला टेकवून बसलं की माझं कोपर 64 सेंमीवर येतं. अशा टेबलावर टाइप करायचं तर खांदे उचलावे लागतात, आणि खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात. म्हणून मुद्दाम तीन टप्प्यांच्या पायांचं, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या तीन नळ्यांच्या पायांचं टेबल घेतलं. दोन टप्प्यांची बरीच टेबलं 70 सेंमीच्या आसपासच अडतात, तीन टप्प्यांची 60-62 पर्यंत येतात. शिवाय माहितीपत्रकातल्या आकड्यात वरच्या फळीची जाडी धरली आहे का, तेही बघून घ्या. आमच्या घरी संध्याकाळी नवरा याच टेबलावर बसतो आणि तो माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच आहे. ठरवलेली उंची लक्षात ठेवणाऱ्या मेमरीच्या बटणांपैकी एक माझं, एक त्याचं. मोटर खरी वसूल झाली ती इथे.

उभं राहून काम? पहिले काही आठवडे जोरात चाललं. आता जेवणानंतर किंवा लांबलेल्या मीटिंगमध्ये, तेवढंच. त्याने वजन उतरेल या आशेवर राहू नका, बसण्यापेक्षा फार थोड्याच कॅलरी जास्त जातात. तासभर एका जागी उभं राहिलं तर टाचा बोलायला लागतात, ते वेगळंच. आणखी एक गोष्ट म्हणजे टेबल पूर्ण वर असताना जोरात टाइप केलं की आर्मवरचा मॉनिटर थरथरतो. अक्षरं वाचता येतात, पण लक्ष जातंच.

खुर्चीचं डोकं टेकवायचं उशीसारखं प्रकरण मी काढून ठेवलं. काम करताना डोकं तिथवर पोचतच नाही. कामाची सोय म्हणजे पुढे-मागे सरकणारी बैठक. पाठ पूर्ण टेकल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. बैठक लांब असेल तर आपण पुढे सरकून बसतो, आणि मग कंबरेच्या आधाराचा फुगवटा मागे नुसता हवा खात बसतो. शाळेत शिकवलेलं ताठ बसणंही विसरा. पाठ 100 ते 110 अंशांत जराशी मागे रेललेली असली की कण्यावरचा भार कमी होतो. माझी खुर्ची आली तेव्हा मला मागून पुढे ढकलत होती. बैठकीखालची ताणाची गोल मूठ बऱ्यापैकी सैल केल्यावर ती माझ्याबरोबर मागे यायला लागली. ती मूठ कुणी फिरवतच नाही, आणि मग खुर्चीला नावं ठेवतात.

सगळ्यात स्वस्तात झालेला फरक मात्र कीबोर्डचा. आकड्यांचा वेगळा भाग नसलेला घेतला, त्याने माउस तळहाताएवढा आत आला आणि उजव्या खांद्याची जुनी ठसठस थांबली. हिशेबाचं काम करणाऱ्यांना हे जमणार नाही, ते उघड आहे. कीबोर्डच्या मागचे छोटे पाय उघडू नका, मनगट वर वाकतं.

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर, आणि खिडकी बाजूला. प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेला) असेल तर स्क्रीन आणखी खाली घ्या, नाहीतर हनुवटी वर करून वाचत बसाल. आर्म घेण्याआधी मॉनिटरच्या मागच्या चार भोकांमधलं अंतर (75 किंवा 100 मिमी) आणि मॉनिटरचं वजन बघा. वजन आर्मच्या क्षमतेबाहेर असेल तर मॉनिटर हळूहळू मान टाकतो. भुशाच्या फळीवर आर्मच्या क्लॅम्पचा (कडेला आवळून बसणाऱ्या पकडीचा) खड्डा पडतो, म्हणून खाली पत्र्याची पट्टी घातली आहे.

वायरींचा विचार आधीच करा. एक्स्टेंशन बोर्ड फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवला, त्यामुळे टेबलाबरोबर तोही वर जातो आणि भिंतीकडे एकच वायर सैल सोडावी लागते.

तक्रार एकच. खुर्चीच्या हातांवरचं रबर आत्ताच गुळगुळीत झालंय, आणि ते हात खाली घेतल्याशिवाय टेबलाखाली जात नाहीत. अधूनमधून करकर सुरू होते, तेव्हा पाठीचे स्क्रू ॲलन कीने आवळते. ती की खुर्चीलाच दोऱ्याने बांधून ठेवली आहे.